हे अंशतः खरे आहे

मावळात भाताचं पीक वर्षाला एकदा येतं, आमदारांच्या अधिवेशन-अहवालाचं तीनदा. मार्चमध्ये अर्थसंकल्पी, जून-जुलैत पावसाळी आणि डिसेंबरात नागपूरचं हिवाळी. सभागृह उठलं की आठवड्याच्या आत चौकात फ्लेक्स चढतो, पत्रकं वाटली जातात आणि ज्याच्याकडे मोबाइल आहे त्याच्याकडे, त्यानं न मागता, एक पीडीएफ येऊन पडते. वर जोडलेले हात, खाली कोटींचे आकडे. ते पाहून एक जण म्हणतो, ‘केवढं काम केलं बघा’. दुसरा म्हणतो, ‘सगळ्या थापा’. दोघंही चुकतात. या कागदात थाप फारशी नसते. शब्द न् शब्द नीट वाचला तर त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य कोर्टातही टिकेल. अडचण एवढीच, की आपल्याला वाटतं त्या गोष्टीबद्दल ते वाक्य नसतं. आधीच सांगून ठेवलेलं बरं, हा लेख कुणा एका आमदारावर नाही. मावळनं २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये सुनील शेळके यांना निवडून दिलं, दुसऱ्यांदा तर लाखाहून अधिक मताधिक्यानं. एवढं मताधिक्य पाठीशी असलेल्या माणसाला विनोदी लेखानं काही होत नसतं. शिवाय हा वाङ्मयप्रकार सर्वपक्षीय आहे. २८८ मतदारसंघांत तो जवळपास त्याच शब्दांत लिहिला जातो. मावळ फक्त नमुन्यादाखल, आणि तेही अशासाठी की या तालुक्यात पाऊस, पूल आणि गुंठा या तिन्ही गोष्टी मुबलक आहेत. त्या पुढे लागतील.

या प्रकाराची पहिली खूण म्हणजे निवेदनाचं छायाचित्र. त्यात एकच कागद चार हातांनी धरलेला असतो. एका टोकाला आमदार, दुसऱ्या टोकाला मंत्रिमहोदय, आणि दोघंही कागद सोडून कॅमेऱ्याकडे पाहत असतात. कागद दिला जातोय की घेतला जातोय हे छायाचित्रावरून कळत नाही, आणि पुढे तो गेला कुठे हेही. दुसरी खूण म्हणजे भाषणाची दीड मिनिटाची चित्रफीत. ‘अध्यक्ष महोदय, मी आपल्या माध्यमातून शासनाचं लक्ष वेधू इच्छितो’ हे वाक्य अध्यक्षांना उद्देशून असतं, पण ते ऐकायचं असतं पवनानगरच्या पारावर. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे क्रियापदं. मागणी केली, लक्ष वेधलं, आवाज उठवला, पाठपुरावा केला, मंजूर करून आणलं. यांतलं एकही क्रियापद खोटं नाही आणि यांतल्या एकाही क्रियापदानं खडी पडत नाही. ‘पाठपुरावा’ हा शब्द तर संशोधनाला घ्यावा असा आहे. जो जितका लांबेल तितका करणाऱ्याचा मान वाढतो, असा जगाच्या पाठीवरचा हा एकच व्यवहार असावा. सुताराला कपाट द्यायला सहा वर्षं लागली तर आपण दुसरा सुतार बघतो. पुलाचा पाठपुरावा सहा वर्षं चालला तर शाल-श्रीफळ देतो.

आमदारांच्या बाजूनं एक सांगायला हवं. ही भाषा त्यांनी शोधलेली नाही, ती त्यांना सभागृहातच शिकवली जाते. तारांकित प्रश्नाचा साचा पिढ्यान् पिढ्या ठरलेला आहे. मौजे अमुक, तालुका मावळ, जिल्हा पुणे येथील रस्त्याची दुरवस्था झाल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय. असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळून आले. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तरंही तितकीच घोटीव. ‘हे खरे आहे.’ ‘हे खरे नाही.’ ‘प्रश्न उद्भवत नाही.’ आणि या सगळ्यांचा मुकुटमणी, ‘हे अंशतः खरे आहे.’ खड्डा अंशतः कसा खरा असतो, हे त्यात अंशतः पडलेल्या दुचाकीस्वारालाच ठाऊक. ‘प्रश्न उद्भवत नाही’ची तर उंचीच वेगळी. जे दिसतं ते नाहीच, हे पटवायला शंकराचार्यांना भाष्यांमागून भाष्यं लिहावी लागली. खात्याला तीन शब्द पुरतात. बरं, प्रश्नोत्तराचा तास नावाप्रमाणे तासाभराचाच, त्यात तोंडी उत्तराला लागतात ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके प्रश्न, उरलेल्यांची उत्तरं छापील यादीत जातात. एका प्रश्नावर पुष्कळ सन्माननीय सदस्यांची नावं एकत्र असू शकतात, त्यामुळे सभागृहात एकदा आलेला प्रश्न अहवालांत मात्र तितक्या मतदारसंघांत स्वतंत्रपणे आणि तितक्याच आक्रमकपणे विचारलेला असतो.

आता या क्रियापदांना मावळचं हवामान लावून बघा. २०२५ चं पावसाळी अधिवेशन ३० जूनला सुरू झालं आणि १८ जुलैला संपलं. त्यात ५७ हजार कोटींहून अधिक रकमेच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या. अशा मागण्या मंजूर झाल्या की पत्रकात ‘निधी खेचून आणला’ हे वाक्य येतं, जणू पैसा घाटाखाली खोपोलीत अडकला होता आणि आमदारांनी तो दोर लावून वर ओढला. पण त्या दिवसांत लोणावळ्यात डांबर सोडाच, छत्रीदेखील धड उघडी राहत नाही. जिथे वर्षाला चार-साडेचार हजार मिलिमीटर पाऊस पडतो तिथे जुलैत मंजूर झालेला रस्ता दिवाळीशिवाय सुरू होत नाही, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. दिवाळीनंतर निविदा, निविदेला प्रतिसाद नाही म्हणून फेरनिविदा, तोवर डिसेंबर येतो आणि नागपुरात तेच काम ‘अखेर पाठपुराव्याला यश’ म्हणून नव्यानं उगवतं. मध्येच एखादी आचारसंहिता. मग मार्चची ३१ तारीख, जिच्या धाकानं महाराष्ट्रात बरीच खडी पसरली जाते. आणि मेअखेर वळीव. म्हणजे डांबराला वर्षातले मोकळे महिने चार-पाच, अहवालाला बाराही. शिवाय एक किलोमीटरचा रस्ता आधी मागणीत येतो, मग मंजुरीत, मग भूमिपूजनात आणि नशीब असेल तर लोकार्पणात. गावाला एक किलोमीटर मिळतो, कागदावर तो चार किलोमीटर भरतो. या बाबतीत प्रामाणिकपणा दाखवला तो फक्त मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या नव्या तुकड्यानं. खोपोलीपासून लोणावळ्याजवळच्या कुसगावपर्यंतचा हा १३.३ किलोमीटरचा तुकडा, काम २०१९ मध्ये सुरू झालं, पूर्ण होण्याची तारीख पुन्हा पुन्हा पुढे गेली, पण त्यानं पहिल्या दिवसापासून आपलं नावच ‘मिसिंग लिंक’ असं लावलं होतं. तक्रारीला जागा नाही.

मंजूर आणि झालेलं यांच्यातलं अंतर नेहमीच हसण्यासारखं नसतं. १५ जून २०२५ ला, रविवारी, कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीखाली कोसळला. चार जण गेले, पन्नासहून अधिक जखमी झाले. त्यानंतर प्रशासनानं सांगितलं, की नव्या पुलासाठी आठ कोटी मंजूर होते आणि कार्यादेशही निघालेला होता. अहवालाच्या व्याकरणात तो नवा पूल तेव्हाच बांधून झालेला होता. नदीवर मात्र जुनाच होता. पावसाळी अधिवेशन सुरू झालं ते यानंतर पंधराव्या दिवशी.

पूर्णत्वाचं क्रियापद मावळला नवं आहे, असं मात्र कुणी समजू नये. कार्ल्याच्या चैत्यगृहात, एकवीरा आईच्या देवळाला लागूनच, वैजयंतीच्या म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीचा लेख कोरलेला आहे. जंबुद्वीपात सर्वोत्तम असं हे शैलगृह आपण पूर्णत्वास नेलं, असं त्यात तो म्हणतो. दोन हजार वर्षांपूर्वीचा फ्लेक्सच तो, आणि नम्रतेचा दोष त्यात नाही. एकदम जंबुद्वीप! आजचा सर्वांत उत्साही कार्यकर्ताही पुणे जिल्ह्याच्या पलीकडे जायला कचरतो. पण त्याचं क्रियापद बघा. पूर्णत्वास नेलं. ‘मागणी केली’ नाही, ‘राजाचं लक्ष वेधलं’ नाही, ‘सातवाहनांकडे पाठपुरावा केला’ तर नाहीच नाही. आतल्या खांबांवरही दात्यांची नावं आहेत, त्यांत धेनुकाकटचे यवनसुद्धा आहेत, आणि ज्यानं जो खांब दिला त्याचं नाव त्या खांबावर. एक खांब देऊन ‘लेण्याच्या सर्वांगीण विकासासाठी सदैव कटिबद्ध’ असं कुणी पूर्ण भिंतभर कोरलेलं नाही. बढाई मारायला हरकत नाही, आधी खांब उभा असावा, एवढाच संकेत ती मंडळी पाळत होती. दगडात खोडाखोड करता येत नाही, हेही एक कारण असेल.

इथवर अहवालात काय असतं ते झालं. त्यात जे नसतं ते अधिक मोठं आहे. आपण ज्या सभागृहात माणूस पाठवतो ते कायदे करण्यासाठी आहे. अहवालात मात्र गटार सापडतं, पेव्हर ब्लॉक सापडतो, सभामंडप, व्यायामशाळा आणि हायमास्ट दिवा सापडतो, विधेयक काही सापडत नाही. जुलै २०२५ मध्ये विधानसभेनं विशेष जनसुरक्षा विधेयक आवाजी मतदानानं मंजूर केलं. उघड विरोधाला उभा राहिला तो डहाणूचा माकपचा एकटा आमदार. आवाजी मतदानाची गंमत ही, की त्यात आवाज सगळ्यांचा असतो आणि सही कुणाचीच नसते. त्याच अधिवेशनातलं महाराष्ट्राला आज काय आठवतं? आमदार निवासातल्या उपाहारगृहातली डाळ आणि तिच्यापायी झालेली मारहाण. आणि मोबाइलवरच्या रमीची चित्रफीत, जिच्यानंतर तेव्हाच्या कृषिमंत्र्यांचं खातं बदलून त्यांना क्रीडा खातं देण्यात आलं. विनोदी लेखकांच्या पोटावर पाय देणारी असली वास्तवता सरकारनं निदान सूचना देऊन तरी घडवावी.

जनसुरक्षा कुणाला दूरची वाटली तर दारातला कायदा घेऊ. १९४७ चा तुकडेबंदी कायदा. २०२३ मध्ये त्याखालचं प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असं ठरलं. त्याहून लहान तुकड्याची खरेदी नियमात बसत नव्हती. आणि मावळात तर गुंठा हे माप राहिलेलं नाही, ते चलन आहे. मुंबई आणि पुण्याच्या मधोमध बसल्यावर दुसरं काय होणार? दोन-तीन गुंठे घेतलेले, पैसे दिलेले, घर बांधून झालेलं आणि सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून तलाठ्याकडे हेलपाटे घालणारे लोक या तालुक्यात गावोगाव सापडतील. २०२५ च्या त्याच जुलैत महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी सभागृहात जाहीर केलं, की नागरी भागातले, १ जानेवारी २०२५ पर्यंत पडलेले एक गुंठ्यापर्यंतचे तुकडे या बंदीतून मोकळे करू. तळेगाव, वडगाव, लोणावळ्याच्या कडेला राहणाऱ्यांच्या दृष्टीनं त्या तीन आठवड्यांतली याहून मोठी बातमी नव्हती. कुणाला लागू, कुणाला नाही, गावठाणाबाहेरच्यानं काय समजायचं, एवढं सोप्या मराठीत पहिल्या पानावर छापलं तर ते पत्रक लोक देव्हाऱ्याजवळ ठेवतील. पण कायद्याला नारळ फोडता येत नाही. त्यावर कुदळ मारता येत नाही, त्याची फीत कापता येत नाही, आणि कलम दुरुस्त झालं म्हणून कुणी हलगी वाजवत नाही. ज्याचं भूमिपूजन होत नाही ते काम नव्हे, हा आपला अलिखित कायदा आहे, आणि त्यात दुरुस्ती सुचवायची कुणाची छाती नाही.

यावर मावळचा रोखठोक माणूस म्हणेल, ‘कायदे ठेवा तुमच्यापाशी, आमच्या वाडीला रस्ता पाहिजे.’ रास्त आहे. आणि त्याच्या बाजूनं एक भक्कम पुरावाही आहे. पुणे जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक आला. लोणावळा, तळेगावच्या नगरपरिषदाही जवळजवळ चार वर्षं लोकनियुक्त सदस्यांविना चालल्या. नगरसेवक नाही, जिल्हा परिषद सदस्य नाही, अशा काळात तुंबलेल्या गटारावर उभं राहून माणसानं हाक मारायची कुणाला? जो एकच निवडून आलेला शिल्लक होता त्याला. सरकारनंही आमदार निधी दोन कोटींवरून टप्प्याटप्प्यानं २०२२ मध्ये पाच कोटींवर नेला, म्हणजे नगरसेवकाचं काम आमदाराला पगारी करून दिलं. तेव्हा अहवालात गटार असणं हा गुन्हा नाही. पण डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. निदान शहरापुरतं तरी आता गटार मालकाच्या ताब्यात गेलं आहे. अहवालातली त्याची जागा रिकामी व्हायला हरकत नसावी.

दुसरा आक्षेप जाणकाराचा, म्हणून जरा जड. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून आमदाराला पक्षादेश मोडून मत देता येत नाही. मग जे मत त्याचं नाहीच त्याचा अहवाल त्यानं कशाला द्यायचा? हे खरं आहे. अंशतः. पक्षादेशात बळ आहे खरं, पण गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात पक्ष कुणाचा आणि प्रतोद कुणाचा हे ठरवण्यातच इतका काळ गेला, की आदेश मोडायला आधी तो सापडावा लागत होता. दुसरं असं, की पक्षादेश हात कधी वर करायचा ते सांगतो; चर्चेत बोलू नका, दुरुस्ती सुचवू नका, मतदारांना विचारू नका, असं त्यात लिहिलेलं नसतं. जनसुरक्षा विधेयक सभागृहात येण्याआधी संयुक्त समितीकडे होतं आणि समितीकडे लोकांच्या हजारो सूचना-हरकती गेल्या. हरकत पाठवण्याची शेवटची तारीख कोणती, एवढं मतदारसंघाला कळवायला कुठल्या प्रतोदाची परवानगी लागत नाही. वाढदिवसाची तारीख कळवायला कुठे लागते?

तिसरा आक्षेप सर्वांत सोपा : अहो, निदान अहवाल देतात तरी! हेही मान्य. अधिवेशन संपल्यावर मतदारांना हिशेब द्यावा असं कुठल्याही कायद्यानं आमदारावर बंधन नाही. तरी तो छापला जातो, वाटला जातो, म्हणजे कुठेतरी मतदाराचा धाक आहे. खोट आहे ती त्या धाकात. आपण हे पत्रक लग्नपत्रिकेसारखं वाचतो. पत्रिका हातात आली की मुहूर्त बघायच्या आधी खाली ‘आपले विनीत’मध्ये आपलं नाव आहे का ते बघायचं, असेल तर मिटायची, नसेल तर रुसायचं. तसं अहवाल उघडून आपल्या वाडीचं नाव शोधायचं. सापडलं की आमदार चांगले. शेजारच्या गावाला आपल्यापेक्षा पाच लाख जास्त सापडले की आमदार वाईट. पूल झाला का, कायदा काय झाला, हे विचारणारा वाचकच नसेल तर लिहिणारा ते कशाला लिहील? लेखक वाचकासाठी लिहितो, हा नियम दिवाळी अंकाला लागू आहे तसा कार्यअहवालालाही आहे.

म्हणून मागणी करायची तर ती थोडकी करावी. पुढच्या अहवालात एक पान जास्त. डावीकडे गेल्या वेळच्या अहवालात ‘मंजूर’ म्हणून छापलेली कामं, उजवीकडे आज त्या जागेवर काय उभं आहे ते. खाली अधिवेशनात आलेली विधेयकं, त्यांतलं मावळला कोणतं लागतं, आणि आमदार त्यावर बोलले की नाही. पानासाठी जागा कमी पडली तर जोडलेल्या हातांचं छायाचित्र थोडं लहान करावं. तोवर वाचकासाठी एक सोय आहे. तारांकित प्रश्नोत्तरांच्या छापील याद्या विधानमंडळाच्या संकेतस्थळावर मराठीतच असतात आणि फुकट असतात. पावसाळी अधिवेशनाच्या दिवसांत शनिवार-रविवारी लोणावळ्याच्या माणसाला पर्यटकांच्या गाड्यांमागे अडकून पडायचंच असतं. बाजारपेठ ओलांडेपर्यंत एक यादी आरामात वाचून होते.